बंबवेड्यांच्या मुलखातून

फिनिक्स, आरिझोना
१२ जून

ती. नानांस सा. न. वि. वि.

ऑफिसचं काम संपलं, रजा जोडून घेतली आणि ठरल्याप्रमाणे बंब बघायला निघाले. जूनमध्ये इथे सकाळी दहालाच रस्ते ओस पडतात, इतकं ऊन. पपागो पार्कच्या तांबूस टेकड्यांपाशी ‘हॉल ऑफ फ्लेम’ नावाचं संग्रहालय आहे. तिथे शिरले ती बंद व्हायच्या वेळेलाच बाहेर पडले. नव्वदच्या वर बंब, बहुतेक सगळे निगुतीने दुरुस्त केलेले.

याची सुरुवात गमतीची आहे. जॉर्ज गेट्झ नावाच्या उद्योगपतीने १९५५ साली बायकोला सहज म्हटलं, नाताळाला मला जुना बंब हवा. बाईंनी खरंच घेऊन दिला, १९२४ सालचा अमेरिकन लाफ्रान्स. मग एकाचे दोन, दोनाचे दहा असं होत संग्रह वाढला आणि १९७४ मध्ये विस्कॉन्सिनहून इथे आला.

त्या काळच्या लाफ्रान्स तुमच्यासारख्या बंब चालवणाऱ्याला आवडल्या असत्या. स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. टप नाही, दारं नाहीत, पुढची काचसुद्धा नाही. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते ती दोन्ही अंगांच्या उघड्या साखळ्यांनी. ड्रायव्हर तोंडावर वारा-पाऊस घेत घंटा वाजवत निघायचा आणि बाकीचे मागच्या पायरीवर दांडी धरून उभे. इथे दिमतीला निवृत्त फायरमन असतात. एकाने साखळीवरून बोट फिरवून मला ग्रीसचा डाग दाखवला. म्हणाला, ही गाडी झोपलेली नाही.

सगळ्यात जुना बंब लंडनच्या रिचर्ड न्यूशमचा, १७२५ चा. बादल्यांनी हौद भरायचा आणि दोन्ही बाजूंच्या माणसांनी लांब दांडे वरखाली हाणायचे.

एका कोपऱ्यात न्यूयॉर्कच्या ‘रेस्क्यू ४’ची गाडी आहे, ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरला गेलेली. त्या दिवशी न्यूयॉर्कचे ३४३ अग्निशामक गेले. मी त्या फायरमनला मुंबईचा १४ एप्रिल १९४४ सांगितला, व्हिक्टोरिया डॉकमधला ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट, त्यात गेलेले आपल्या अग्निशमन दलाचे ६६ जवान. त्याने खिशातली डायरी काढून तारीख टिपून घेतली आणि जहाजाच्या नावाचं स्पेलिंग दोनदा विचारलं.

आईला सांगा, टोपी घालते आहे.

तुमची धाकटी

*

सिनसिनाटी, ओहायो
१९ जून

ती. नानांस सा. न.

पगारी बंबवाल्यांची पंढरी हीच. याआधी इथे हौशी कंपन्या असत आणि आगीवर पोहोचल्यावर आधी आपसांत हाणामारी, मग पाणी. १ एप्रिल १८५३ पासून शहराने पगारी दल ठेवलं आणि वाफेचा बंब वापरायला काढला. पन्नास माणसांचं काम बॉयलर करू लागला, तेव्हा टोळ्यांचा जोर आपोआप ओसरला.

पण मी आले ती आहरेन्स-फॉक्ससाठी. ही कंपनी याच गावची. पिस्टनचा पंप गाडीच्या पार नाकावर, इंजिनाच्याही पुढे, आणि त्यावर देवळाच्या कळसासारखा चकचकीत गोळा. गोळा शोभेचा नाही. पिस्टन पंपाचं पाणी ठोक्याठोक्याने येतं. गोळ्यातली हवा प्रत्येक ठोक्याला दबते आणि दोन ठोक्यांच्या मधे पाणी पुढे ढकलते, म्हणून नळीच्या तोंडाशी धार सरळ राहते. दुसरी गंमत तुम्हाला सांगायला नको. पिस्टनचा पंप तळ्यातलं पाणी स्वतःच ओढून घेतो. फिरत्या चाकाच्या सेंट्रिफ्यूगल पंपाला आधी प्रायमरने हवा काढून द्यावी लागते. पिस्टन महाग पडे, म्हणून १९५० च्या सुमारास ही जात संपली.

शनिवारी जवळच्या एका गावात जुन्या बंबांचा मेळावा होता. १९५८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला या हौशी लोकांनी देशव्यापी संस्था काढली. नाव इतकं लांब की सगळे तिला ‘स्पाम्फा’च म्हणतात. तिच्या त्रैमासिकाचं नाव ‘एंजिन! एंजिन!’. गावोगावच्या शाखा असे मेळावे भरवतात. मिरवणूक निघते, भोंगे वाजतात, पोरं घंटेच्या दोरीला लोंबकळतात. पण खरा कार्यक्रम तळ्याकाठी.

एका गृहस्थांची आहरेन्स-फॉक्स होती. धंद्याने प्लंबर. त्यांनी सक्शन नळीचे दोन तुकडे जोडले, जाळी पाण्यात सोडली, पंप लावला. गेजकडे बघितलंच नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. वाल्व्ह बसतात की नाही ते ऐकत होते. मग नळी एकदम फुगली आणि तळ्याच्या पलीकडे धार गेली. तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.

त्यांच्याकडे एक जाड फाइल होती. गाडी ज्या गावाने घेतली त्याच्या पंचांचा ठराव, बिलाची नक्कल, पंपाच्या चाचणीची चिठ्ठी, बंबखान्यासमोरचा फोटो. गाडीच्या जुन्या ड्रायव्हरच्या मुलाला गाठून त्याच्याकडून त्यांनी लिहून आणलेल्या गोष्टी. रंगाचा तपास तर पोलिसी थाटाचा. जुन्या फिल्मवर लाल रंग काळा उमटे, तेव्हा फोटोवरून गाडी लाल होती की काळी ते कळत नाही. म्हणून यांनी बारीक पॉलिश पेपरने दाराएवढ्या जागेतला एकेक थर घासून काढला. तिसऱ्या थराखाली सोन्याच्या वर्खातली मूळ अक्षरं सापडली. ती बटर पेपरवर गिरवून घेतली आणि मगच नवा रंग चढवला.

या मंडळींत एक भांडण कायमचं आहे. अर्ध्यांना गाडी कारखान्यातून आली तशी झळझळीत हवी. बाकीचे म्हणतात, पायरी झिजली आहे ती बुटांनी, ती बदललीत तर माणसंच पुसलीत. माझं मत दुसऱ्यांकडे झुकतं. पण रंगाऐवजी गंज राहिला तर पुढच्या वीस वर्षांत भांडायला गाडीच उरणार नाही, हेही खरं.

प्लंबरसाहेबांनी विचारलं, तुझ्या वडिलांच्या गाडीवर पंप कुठल्या मेकचा होता? कळवा.

तुमची धाकटी

*

लुथरव्हिल, मेरीलँड
२५ जून

ती. नानांस सा. न.

बाल्टिमोरच्या उत्तरेला हे छोटं गाव. इथलं फायर म्युझियम १९७१ पासून आहे. बंब पुष्कळ आहेत, पण मी रमले ते तारयंत्रात. रस्त्याच्या कोपऱ्यावर लोखंडी पेटी असायची. आग दिसली की आतला आकडा खाली ओढायचा. आत घड्याळासारखं चाक, त्याच्या कडेला पेटीच्या नंबराप्रमाणे दात. चाक फिरलं की बंबखान्यातली घंटा तितके ठोके देई आणि कागदी फितीवर खुणा पडत. समजा पेटी ३४, तर तीन ठोके, जरा दम, चार ठोके. गेमवेल कंपनीची ही यंत्रणा इथे अजून चालू ठेवली आहे. मला आकडा ओढू दिला. फोन नाही, बोलणं नाही, तरी पत्ता अचूक.

दुसरी गोष्ट बाल्टिमोरच्या आगीची. ७ फेब्रुवारी १९०४. दीड हजारांवर इमारती गेल्या. वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाहून आगगाडीवर घालून बंब आणले आणि आल्यावर लक्षात आलं की त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसत नाहीत. प्रत्येक शहराचा आटा वेगळा. माणसं होती, बंब होते, पाणी होतं आणि जोड नव्हता. त्यानंतर देशाचा एक प्रमाण आटा ठरला, अडीच इंची नळीला इंचाला साडेसात फेरे. आपल्याकडे इंग्रजी पद्धतीचं कपलिंग, ढकललं की खटकन बसतं. इथे आजही फिरवून आवळतात.

हौशी लोक गाड्यांबरोबर असली जुनी कपलिंगंही जपतात. एकाने मला दोन पितळी तोंडं हातात दिली आणि म्हणाला, जोडून बघ. अर्धा फेरा गेला आणि अडकलं. पुस्तकातली सगळी पानं वाचून जे कळलं नसतं ते मनगटाला कळलं.



तुमची धाकटी

*

ॲलनटाउन, पेनसिल्व्हेनिया
२९ जून

ती. नानांस सा. न.

बुलडॉगचं चिन्ह असलेले मॅक ट्रक याच गावचे. न्यूयॉर्कच्या ‘सुपर पंपर’बद्दल तुम्ही कधीतरी बोलला होतात, तो मॅकने १९६५ मध्ये केला. गगनचुंबी इमारती आणि मोठ्या आगी, एकेक बंब पुरेना. मग एकाच ट्रेलरवर नेपियर डेल्टिक डिझेल इंजिन बसवलं, जे एरवी रेल्वेत नि आरमारी बोटींत वापरत. ३५० पौंड प्रेशरवर मिनिटाला ८,८०० गॅलन, म्हणजे ३३,००० लिटरच्या वर. त्याच्या सोबतीला तीन छोट्या गाड्या, त्याचं पाणी घेऊन आगीवर मारायला. १९८२ मध्ये तो निवृत्त झाला. पुढे एका हौशी माणसाने तो वाचवला, नाहीतर भट्टीतच जायचा.

पण इथे मी बंबांपेक्षा कागदांत जास्त वेळ काढला. मॅकच्या संग्रहालयात कारखान्याच्या जुन्या नोंदी ठेवल्या आहेत. चासी नंबर सांगितला की ट्रकची मूळ नोंद शोधून देतात. कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, मागचं गुणोत्तर काय, गाडी कुणाला गेली. कुणीतरी गुरांच्या गोठ्यातून गंजलेला सांगाडा ओढून आणतो, चासीवरचा नंबर खरवडून काढतो आणि इथे पत्र टाकतो. नोंद मिळाली की तो सांगाडा पुन्हा अमुक गावचा, अमुक बंबखान्याचा बंब होतो.

पण नोंदी अशा जपल्या जाण्याचं नशीब सगळ्याच कंपन्यांना लाभलं नाही. एल्मायराची अमेरिकन लाफ्रान्स, जिचं मूळ १८७३ पर्यंत मागे जातं, ती २०१४ मध्ये कायमची बंद पडली. पिर्श गेली, मॅक्झिम गेली, वॉर्ड लाफ्रान्स त्याआधीच गेली. कारखाना बंद झाला की रजिस्टरं कुणाच्या वळचणीला पडतील सांगता येत नाही. म्हणून ही मंडळी पितळी पट्ट्यांवरच्या नंबरांच्या याद्या स्वतःच करतात, एकमेकांच्या ताडून बघतात, कंपनीचे जुने फोटो विकत घेतात. यात पैसा नाही. बहुतेक जण निवृत्त फायरमन, मेकॅनिक, शिक्षक. लिहिणारा माणूस आणि स्पॅनर धरणारा माणूस एकच, हे मला फार आवडलं.

आता मुद्द्याचं. नाना, तुम्ही ज्या गाड्या चालवल्यात त्यांचे नंबर तुम्हाला अजून तोंडपाठ आहेत. भायखळ्याला कुठली असे, कुठल्या गाडीचा क्लच चढावर घसरे, कुणाचा प्रायमर पावसाळ्यात रुसे, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे आणि कागदावर एक ओळ नाही. मी शंभर पानी वही आणते आहे. रोज एक गाडी. नंबर, मेक, पंप, बंबखाना, साल, बरोबरची माणसं, आठवेल ती आग. जिथे साल नक्की नसेल तिथे ‘सुमारे’ लिहा, पण लिहा. आणि तुमच्याबरोबरचे जे कोणी हयात असतील त्यांचे फोन नंबर काढून ठेवा, आल्या आल्या एकेकाकडे जाऊ.

शुक्रवारी पोहोचते. आईला नमस्कार.

तुमची धाकटी