चढा आवाज म्हणजेच ठाम आवाज?

गाण्यातून राजकीय भूमिका मांडायची तर आवाज चढलाच पाहिजे, हे आपल्याकडे जवळजवळ ठरूनच गेलंय. मिरवणूक कुणाचीही असो, स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. मग चार दिवस डेसिबलवर वाद होतो. गाणं काय सांगत होतं, हे कुणी विचारत नाही. म्हणून आज शिकागोच्या तीन गायकांबद्दल लिहितोय.

'द इम्प्रेशन्स'. कर्टिस मेफिल्ड, सॅम गुडन आणि फ्रेड कॅश. १९६०च्या दशकात शिकागोच्या सोल संगीताला जो स्वभाव मिळाला, तो बऱ्याच अंशी या तिघांच्या गळ्यातून आला.

सोल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल आणि रिदम अँड ब्लूज यांची सोयरीक. पण दर शहरात तिचा रंग वेगळा. डेट्रॉइटचं मोटाऊन चकचकीत, ठेक्यावर पाय उचलायला लावणारं. मेम्फिसचं स्टॅक्स खरखरीत, घामाचं. शिकागोचं मात्र मऊ. मऊ, पण लेचंपेचं नाही.

मेफिल्ड आणि जेरी बटलर पोरसवदा वयात चर्चच्या गटात एकत्र गायचे. गुडन आणि कॅश मूळचे टेनेसीतल्या चॅटनूगाचे. १९५८ मध्ये पहिलं गाणं गाजलं, पण रेकॉर्ड कंपनीने तबकडीवर बटलरचं नाव वेगळं काढून पुढे छापलं. गटात कुरबुर झाली, बटलर बाहेर पडला. (हाच बटलर पुढे शिकागो ज्या कुक काउंटीत येतं, तिथे तीन दशकांहून जास्त काळ लोकनियुक्त सदस्य होता.) गट मोडल्यातच जमा होता. मेफिल्डने लिहायचं आणि गायचं दोन्ही अंगावर घेतलं, १९६१ च्या 'जिप्सी वुमन'ने त्यांना पुन्हा उभं केलं आणि थोड्याच काळात गट तिघांचाच उरला.

खरी गंमत इथून पुढे आहे. आपल्याकडे शाहीर पुढे आणि झीलकरी मागे, तसंच तिकडेही एक मुख्य गायक आणि मागे साथ. या तिघांनी गॉस्पेल गटांची रीत उचलली. ओळ मेफिल्डच्या उंच, बारीक आवाजात सुरू होते, मधेच दुसरा ती उचलतो, गुडनचा खर्ज खालून आधार देतो आणि शेवटच्या शब्दावर तिघं एकत्र येतात. शाहीर कोण, झीलकरी कोण, कळतच नाही. १९६३ चं 'इट्स ऑल राइट' ऐका, लगेच लक्षात येईल. त्यात मेफिल्डची गिटार, पियानोच्या काळ्या पट्ट्यांच्या सुरात लावलेली, आणि जॉनी पेटने बांधलेला ब्रासचा साज. मेजर लान्स, जीन चँडलर अशा शिकागोच्या इतर गायकांसाठीही मेफिल्ड लिहायचा. त्यामुळे हा बाज एका गटाचा न राहता शहराचा झाला. जमैकातल्या बॉब मार्लीच्या 'वेलर्स'नीही सुरुवातीला यांच्याकडे बघूनच तीन आवाज बांधले.

या मऊ आवाजात काय मावलं बघा. १९६४ चं 'कीप ऑन पुशिंग' आणि १९६५ चं 'पीपल गेट रेडी' नागरी हक्क चळवळीने आपलं मानलं. दुसऱ्या गाण्यात आगगाडी आहे. ती गॉस्पेलमधली जुनी प्रतिमा. पण मिसिसिपीतून इलिनॉय सेंट्रलच्या गाडीने पोटासाठी शिकागोला आलेल्या हजारो कुटुंबांना ती वेगळी समजावून सांगावी लागत नव्हती. त्याच शिकागोत १९६६ मध्ये घरांच्या प्रश्नावर मोर्चा काढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंगना दगड लागला. मेफिल्ड स्वतः कॅब्रिनी-ग्रीनच्या सरकारी वसाहतीत वाढलेला. घर म्हणजे काय, हे त्याला मोर्चातून कळलं नव्हतं.

१९६७ अखेरीस 'वी आर अ विनर' आलं. त्यात ना शिवी ना धमकी, फक्त आम्ही जिंकणारे आहोत एवढा सरळ विश्वास. तरी काही रेडिओ स्टेशनांनी ते वाजवायचं टाळलं! १९६८ मध्ये मेफिल्डने 'कर्टम' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. गाण्यांचे हक्क आपल्याच हातात हवेत, हे त्याने विशीतच ओळखलं होतं. १९७० मध्ये तो गटातून वेगळा झाला, पण बाज मागे राहिला.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की या गाण्यांची अडचण त्यांच्या मोठ्या आवाजाने झाली नाही, त्यांच्या म्हणण्याने झाली. हळू आवाजात ठाम बोलणाऱ्याला गोंगाट म्हणून झटकता येत नाही. आपल्याकडेही शाहिरी आणि जलशांनी हे काम एका डफावर आणि चार गळ्यांवर केलंय. पुढच्या मिरवणुकीची वर्गणी मागायला मंडळाची पोरं दारात आली, की मी एकच विचारणार आहे : गाणारे कोण आहेत?