ताक्याचं टोक

सुरतेच्या पांडेसरा जीआयडीसीतल्या एका डाइंग मिलमध्ये मी लॉट लिहितो. सतरा वर्षं झाली. अमळनेरहून भुसावळ लाइनची गाडी, उधन्याला उतरणं, पुढं रिक्षा; आमच्याकडच्या घराघरातून कोणी ना कोणी या वाटेनं आलेलं आहे. मिलमध्ये शेठजींशी गुजराती, बाकीच्यांशी हिंदी आणि डबा उघडला की अहिराणी.

काम सांगायला सोपं. रिंग रोडचा व्यापारी ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कापड पाठवतो. कापड त्याचं, रंग आमचा, मजुरी मीटरवर. टेम्पो आला की चलान बघायचं, ताके मोजायचे आणि प्रत्येक ताक्याच्या टोकावर लॉट नंबर टाकायचा. पॉलिएस्टर जेट मशीनमध्ये 130 अंशांवर शिजतं, तिथं साधी शाई राहत नाही. पक्की शाई लागते. नेव्ही किंवा काळा रंग असला तर टोकाला दोऱ्याचे टाकेही घालतो. मग ताके एकमेकांना शिवून मशीनमध्ये जातात. शेवटी फोल्डिंगवाला टोकं कापून चिंधीच्या पोत्यात टाकतो, आणि त्यांच्याबरोबर नंबरही जातो.

एकदा सारख्याच ग्रेचे दोन लॉट आले. नंबर पुसट झाले, मी अंदाजानं ताके वाटले आणि चुकलो. शॉर्टेज माझ्या पगारातून कापलं. तेव्हापासून दर लॉटचं एक टोक मी लॉटकार्डाला पिनेनं लावून ठेवतो. पोरं हसतात.

गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याचा मुलगा फॉर्म घेऊन आला. "काका, युरोपचा माल आहे. कापडाचा पासपोर्ट बनवायचाय." गिऱ्हाइकानं मोबाईल लावला की कापडाची सगळी कुंडली दिसली पाहिजे. असा पासपोर्ट मागणारा युरोपियन युनियनचा कायदा जुलै 2024 मध्ये लागू झाला. कपड्यांसाठी नेमकं काय भरायचं हे ठरायच्या आधीच खरेदीदारांनी विचारायला सुरुवात केली होती.

पाण्याचा रकाना सोपा वाटला. बमरोलीच्या प्लांटमध्ये महापालिका सांडपाणी शुद्ध करून 2014 पासून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना देते. मीटर आहे, बिल आहे. धुराचंही तसंच. 2019 पासून सुरतेत चिमणीच्या धुळीचे परवाने खरेदी-विक्रीला निघाले, त्यासाठी चिमणीवर यंत्रं बसली. पण मीटर अख्ख्या मिलचं. काळ्या रंगाला जास्तीची धुलाई लागते, फिक्क्या गुलाबीला तेवढी नाही. सगळ्या पाण्याला सगळ्या किलोंनी भागलं तर गुलाबीच्या पासपोर्टात काळ्याचं पाणी येणार. मी हे सांगितलं. मुलगा म्हणाला, "काका, सरासरी टाका." टाकली.

अडलं ते सुताच्या रकान्यावर. सूत कुठलं, विणलं कुठं? आमच्याकडं फक्त व्यापाऱ्याचं चलान. व्यापाऱ्यानं ग्रे दलालाकडून घेतलेलं, तेही तीन लूमचं एकत्र करून. तीन लूमचे ताके माझ्याच हातून एका जेटमध्ये गेले होते. आता दलाल लूमवाल्याचं नाव कशाला सांगेल? उद्या व्यापारी थेट त्याच्या दारात उभा राहील आणि दलालाची दलाली गेली. लोक म्हणतात इथं नोंदी नाहीत. नोंदी भरपूर आहेत हो, ज्याच्या त्याच्या वहीत. एकाची वही दुसऱ्याला दाखवायची नाही, यावरच अर्धा बाजार चालतो.

मुलानं माझ्या लॉटकार्डाचा फोटो काढला, पिन लावलेल्या टोकासकट. शाईतला सातचा आकडा रंगातून जेमतेम दिसत होता. "हा पुरावा चालेल," म्हणाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

दलालाला त्यानं चार वेळा फोन केला. चौथ्या वेळी उत्तर आलं, एकच शब्द: सचिन. सचिन म्हणजे आमच्या पुढची जीआयडीसी, तिथं लूमच लूम. मी रकान्यात तेच लिहिलं.