टोपी नाही, आजी!

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला भावाच्या घरी आई ओट्याशी बसून गवार मोडत होती. शेजारच्या उंच स्टुलावर माझी चौदा वर्षांची भाची, डोकं फोनमध्ये. मधेच ती ओरडली, "आजी, आय ॲम डेड!" आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. मान वर करून पाहते तर पोरगी पोट धरून हसतेय, डोळ्यांतून पाणी वाहतंय. "हसून हसून मेलीस होय," आई म्हणाली आणि तिनं पुढची शेंग घेतली.

त्या दोन आठवड्यांच्या मुक्कामात मी जे पाहिलं त्याची सुरुवात ही अशी झाली.

आईचं इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेलं. मिरजेच्या मराठी शाळेत तिनं ते घोटून घेतलं. काळ, प्रयोग, कर्ता, कर्म सगळं बिनचूक. आजही अर्ज लिहायला बसली तर कुठे स्वल्पविराम चुकणार नाही. पण एडिसनच्या दुकानात, सामान पिशवीत भरून झाल्यावर गल्ल्यावरच्या मुलीनं हसून विचारलं, "यू ऑल सेट?" आणि आई गप्प उभी राहिली. तीनही शब्द तिला येत होते. वाक्य येत नव्हतं. "झालं ना सगळं?" एवढंच ती मुलगी विचारत होती, हे घरी आल्यावर भाचीनं सांगितलं. आई त्या संध्याकाळी फारशी बोलली नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला तीन सोप्या शब्दांनी अडवावं, हे तिला लागलं होतं.

लागलं होतं, हा शब्दही पाहण्यासारखा आहे, पण आधी सेट. सेट या एवढ्याशा शब्दाला ऑक्सफर्डच्या १९८९ च्या मोठ्या कोशात सगळ्यात लांबलचक नोंद मिळाली होती. पुढे रन या क्रियापदाची नोंद नव्यानं लिहिली गेली, तेव्हा त्याचे ६४५ अर्थ निघाले. अवघड शब्दांना बहुधा एकच अर्थ असतो, ते बिचारे पाठ होतात. घरात रोज राबणारे शब्द मात्र पंचवीस कामं करतात. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आपलं 'लागणं' घे की." आणि भाचीला समोर बसवून तिनं मोजायला सुरुवात केली. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, वेळ लागतो, जेवण गोड लागतं, एखाद्याचं बोलणं मनाला लागतं, आणि आत्या तुझी कोण लागते? पोरगी थक्क झाली. तिनं फोनमध्ये यादी करून घेतली. त्या रात्रीपासून शिकवणी दोन्हीकडून सुरू झाली.

भाचीची इंग्रजी म्हणजे तिच्या वयाची इंग्रजी. पुस्तकात न सापडणारी, दर सहा महिन्यांनी कात टाकणारी. एकदा मैत्रिणीचा काही किस्सा सांगताना शेवटी ती म्हणाली, "नो कॅप, आजी."

"कसली टोपी?"

"कॅप म्हणजे थाप. नो कॅप म्हणजे खरंच, थाप नाही."

आईनं गवारीचं ताट बाजूला सारलं. "अगं, हे तर आपलंच! कुणी फसवलं की आपण म्हणतो ना, त्यानं मला टोपी घातली!" मग कितीतरी वेळ दोघी हसत होत्या. या दोन टोप्यांचं रक्ताचं नातं नाही. एक अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या बोलीतून आली, दुसरी आपल्या पेठेतली. पण दोन्हीकडे खोटेपणासाठी टोपीचाच शब्द निघाला, आणि आईला हा शब्द पुन्हा कधी विचारावा लागला नाही.

पुढे हा खेळच झाला. मैत्रिणीच्या नाचाचा व्हिडिओ दाखवत भाची म्हणाली, "शी एट." म्हणजे तिनं खाल्लं. काय खाल्लं? मी आईला म्हटलं, तू तर नाटकवेड्या गावातली. शेजारच्या सांगलीला विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' नाटक केलं, त्या मातीतली. एखाद्या नटानं सगळा अंक स्वतःकडे खेचून घेतला की आपल्याकडचे प्रेक्षक काय म्हणतात? "समोरच्याला खाऊन टाकलं," आई पटकन म्हणाली. तेच हे. स्ले म्हणजे ठार मारणं. आपण मैदान मारतो तसं. सॉल्टी म्हणजे मनातून चडफडणारा. त्यांच्याकडे तो खारट होतो, आपल्याकडे त्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात. पदार्थ वेगळा, झणका तोच.

माझंही इंग्रजी मराठी शाळेत पाचवीला सुरू झालं. (राज्यात ते २००० सालापासून पहिलीतच सुरू झालं.) आम्ही शब्दार्थ पाठ करायचो, आणि शब्दांचे अर्थही अशा मराठीत दिलेले असायचे की जी आमच्या घरात कुणीच बोलत नव्हतं. वाघिणीचं दूध म्हणून जे पाजलं गेलं ते असं वाळवून, पूड करून पाजलं गेलं. माझं मत आता पक्कं झालं आहे. पुस्तकी मराठीच्या हाताला धरून फक्त पुस्तकी इंग्रजी येते. ओट्यावरची इंग्रजी हवी असेल तर ओट्यावरची मराठी सोबत न्यावी लागते. टोपी घालणं, भाव खाणं, वट असणं, लोचा होणं, राडा करणं, नादखुळा, विषय हार्ड ही सगळी मंडळी शाळेच्या दाराबाहेर उभी राहिली. खरे दुभाषे तेच होते.

अशा शब्दांना बिघडलेली भाषा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्यातले पुष्कळ इंग्रजी शब्द ज्यांनी घडवले त्यांना अमेरिकेनं पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवलं होतं. कूल हा शब्द आज जगभर फिरतो. तो जॅझ वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय वादकांच्या तोंडून पसरला. स्लेचा आजचा अर्थ न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी, तृतीयपंथी मंडळींच्या नाचाच्या मैफलींतून बाहेर आला. ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांनी एकमेकांना ओळखण्यासाठी हे शब्द केले. भाचीला हे ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर ती थोडा वेळ शांत बसली आणि म्हणाली, "मग हे नुसते ट्रेंड नाहीत."

आणि हे शब्द घडतात कसे? बहुतेकदा खेळता खेळता. आई दिवसातून वीसदा ओके म्हणते. हा ओके २३ मार्च १८३९ रोजी बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात पहिल्यांदा छापला गेला. तेव्हा तिथल्या तरुण लेखकांना मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं वापरायची लहर आली होती. ऑल करेक्टचं त्यांनी ओ आणि के असं करून टाकलं. तशी कितीतरी आद्याक्षरं तेव्हा निघाली आणि विरली, हे एक उरलं. लंडनमध्ये गाड्यांवर भाजी-फळं विकणारे एकोणिसाव्या शतकात शब्द उलटे करून बोलायचे, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. पेनीचं येनेप. बॉयचं यॉब. हा यॉब अजून जिवंत आहे. दांडगट, उनाड पोराला ब्रिटनमध्ये आजही यॉब म्हणतात.

हे ऐकताना आईचा चेहरा मुलीसारखा झाला. "आम्ही च ची भाषा बोलायचो!" शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी ठेवायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा. कमलचं चमलक. सांगचं चांगस. मोठ्यांसमोर दोघी मैत्रिणी अशा बोलत सुटायच्या. भाची खुर्चीतून उठलीच. तिच्या शाळेत पिग लॅटिन म्हणतात ते हेच! तिथे पहिलं व्यंजन शेवटी नेतात आणि पुढे 'ए' जोडतात. पिगचं होतं इगपे. मिरजेच्या वाड्यातल्या दोन मुली आणि न्यू जर्सीच्या शाळेतल्या दोन मुली, मधे साठ वर्षं, आणि अक्षर उचलून मागे ठेवण्याची युक्ती तंतोतंत तीच.

कोड्यांकडे आम्ही वळलो ते इथून.

आई चाळीस वर्षं वर्तमानपत्रातलं मराठी शब्दकोडं सोडवत आली आहे, पेन्सिलीनं, सकाळच्या चहाबरोबर. भाचीनं तिच्यासमोर वर्डल ठेवलं. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द, ओळखायला सहा संधी. अक्षर जागेवर बसलं तर हिरवं, जागा चुकली तर पिवळं, शब्दात नसेलच तर राखाडी. आई अडली ती पहिल्याच पायरीवर. पाच अक्षरी म्हटल्यावर तिला करमणूक आठवत होता. इथे क्रेनसुद्धा पाच अक्षरी!

आमच्या चौकोनात नि त्यांच्या चौकोनात केवढा फरक आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. मराठी कोड्याच्या एका घरात अक्षर बिऱ्हाडासकट राहायला येतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर, सगळे एकाच खोलीत. महाराष्ट्र चार घरांत सुखानं मावतो. इंग्रजीत एका घरात एकच वर्ण, मग तो बोलो की न बोलो. थ्रू आपल्याकडे एका चौकोनाचा धनी. त्यांच्याकडे तो टी, एच, आर, ओ, यू, जी, एच अशी सात घरं अडवतो, आणि शेवटच्या दोघांचा आवाजच येत नाही. आपण कानानं लिहितो. इंग्रजी डोळ्यांनी लिहावी लागते. आयुष्यभर आईची स्पेलिंगं पाठांतरावर उभी होती. आता ती बोटांनी चाचपायला लागली. क्यूच्या मागे यू जवळजवळ नेहमी येतो. शेवटी मुका ई बसला की आधीचा स्वर बरेचदा लांबतो. एस, टी, आर हे तिघं शब्दाच्या तोंडाशी एकत्र येतात, पण सी आणि के हे जोडपं तिथे कधी दिसत नाही. कुणी हे नियम म्हणून फळ्यावर लिहिलं असतं तर तिला दुसऱ्या दिवशी आठवलं नसतं.

ई सगळ्यात जास्त येतो, हे तिनं चार दिवसांत ओळखलं. आर्किटेक्ट आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकातल्या मंदीत, हातात काम नसताना, वर्तमानपत्राची पानं घेऊन अक्षरं मोजली होती, ती हेच शोधायला. त्यातून स्क्रॅबल हा शब्दांचा खेळ झाला. त्याच्या १०० सोंगट्यांत ई बाराव्यांदाही हाताला लागतो. क्यू आणि झेड एकेकच.

वर्डलची जन्मकथा मला त्याहून आवडते. जॉश वॉर्डल यांनी ते त्यांच्या जोडीदार पलक शाह यांच्यासाठी केलं, त्यांना शब्दांचे खेळ आवडतात म्हणून. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे १२,००० भरले. त्यातले बरेचसे कुणी कधी ऐकलेलेही नसतात. मग पलक शाह यांनी एकेक शब्द पाहून, ओळखीचे तेवढे ठेवले. उरले सुमारे २,५००. म्हणजे या कोड्याच्या पोटात सुरुवातीला रोजच्या इंग्रजीची एक टोपली होती, ज्यांच्यासाठी खेळ केला त्यांनीच निवडलेली. १ नोव्हेंबर २०२१ ला ते सोडवणारे ९० जण होते. दोन महिन्यांत तीन लाखांवर गेले. जानेवारी २०२२ मध्ये एकदा उत्तर निघालं फेव्हर, अमेरिकी पद्धतीनं यू गाळलेलं, आणि ब्रिटनमधले लोक खवळले. आमच्या पाठ्यपुस्तकातला फेव्हर सहा अक्षरी होता. त्या दिवशी मीही हरले होते.

एका संध्याकाळी शेवटची संधी उरली होती. भाचीनं हात टेकले. आईनं चष्मा पुसला आणि टँगी लिहायला सांगितलं. वेफर्सच्या पाकिटावर वाचला होता म्हणाली, कैरीच्या फोडीसारखं जिभेला लागतं ना, ते. चौकोन हिरवे झाले नाहीत, एकच वर्ण पिवळा झाला. पण आईनं इंग्रजी शब्द अर्ज लिहिण्यासाठी नाही, जिभेवरच्या चवीसाठी वापरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

या चौकोनांचं वेड तसं जुनं आहे. आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं न्यूयॉर्कच्या एका दैनिकात २१ डिसेंबर १९१३ ला आलं, शंकरपाळ्याच्या आकाराचं. न्यूयॉर्क टाइम्सनं १९२४ मध्ये या वेडाला वेळेची पापी उधळण ठरवलं, आणि १९४२ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, स्वतःच कोडं छापायला सुरुवात केली. बोलीतल्या शब्दांवर आणि कोड्यांवर नाकं मुरडणारे नेहमीच होते. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे की पोरांना नोकरीच्या मुलाखतीत कसं बोलावं हे जरूर शिकवा, ते आईला येतंच होतं. गल्ल्यावरच्या मुलीला उत्तर द्यायलाही शिकवा. आणि मोठ्यांनी तरुणांचे शब्द समजून घ्यावेत. ते तोंडी आणलेच पाहिजेत असं नाही. आईला 'नो कॅप' समजतं, पण ती तसं म्हणत नाही. ती "टोपी नाही" म्हणते, आणि आता भाचीच्या दोन मैत्रिणीही तसंच म्हणतात.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. गल्ल्यावर वेगळा मुलगा होता. "यू ऑल सेट?" त्यानं विचारलं. "ऑल सेट," आई म्हणाली, पिशवी उचलली आणि माझ्यापुढे चालू लागली.

आता ती मिरजेला आहे. वर्डलचं कोडं ज्याच्या त्याच्या गावच्या मध्यरात्री बदलतं. एडिसन तिथल्या उन्हाळ्यात मिरजेच्या साडेनऊ तास मागे असतं. त्यामुळे आई सकाळी साडेसहाला चहाबरोबर नवं कोडं सोडवते तेव्हा नातीकडे आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात, आणि ते कोडं अजून तिच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. आई शब्द सांगत नाही. नुसते हिरवे-पिवळे चौकोन पाठवते.