पांढरीवरचा उजेड

विदर्भातल्या माणसाला आपले प्राचीन मृत कुठे आहेत हे बोट दाखवून सांगता येतं. नागपूरजवळ जुनापाणीच्या माळावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्याविषयी 1879 मध्ये लिहून ठेवलं. माहुरझरी, नायकुंड इथल्या अशाच वर्तुळांत माणसांबरोबर घोडे पुरलेले सापडले, त्या घोड्यांचे तांब्याचे साज सापडले. कॅमेरा घेऊन तिथे गेलं की काय टिपायचं हा प्रश्न पडत नाही.

आमच्या पश्चिम खानदेशात तसं काही उभं नाही. पिंपळनेरहून पांझरेच्या काठाकाठाने साक्रीकडे निघालं, की एखाद्या वळणावर काळ्या रानाच्या मधोमध राखाडी-पांढऱ्या मातीचा उंचवटा दिसतो. बाभळी, बोरी, एखादं थडगं किंवा म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड. गावकरी त्याला पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, चुली पेटल्या, मातीच्या भिंती पडल्या आणि त्यांवर नव्या उठल्या, तेव्हा ही राखेची माती साचली. पुरातत्त्ववाले खानदेशात आले ते अशाच मातीकडे बघत. साक्रीजवळच्या कावठ्याला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. ढवळीकर, शिंदे आणि अत्रे यांचा अहवाल 1990 मध्ये आला. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती, जमिनीत उकरलेल्या खड्ड्यांवर छप्पर घातलेल्या झोपड्या, हाडांची हत्यारं. तापीकाठच्या सावळदा गावावरून या लोकांच्या संस्कृतीला नाव मिळालं आणि त्याच संस्कृतीचा थर पुढे थेट प्रवरेकाठच्या दायमाबादला सर्वांत तळाशी लागला. माझ्या तालुक्यातली नदी आणि दायमाबाद यांच्यात असं नातं आहे, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आज ते प्रत्येक मुलाला सांगावंसं वाटतं.

पांढरीचे फोटो काढणं कठीण आहे. खानदेशातलं दुपारचं ऊन सगळं सपाट करून टाकतं. उंचवटा उंचवटा राहत नाही, खापर आणि खडा यांत फरक उरत नाही. जायचं ते अगदी सकाळी किंवा दिवस कलताना. तिरप्या उजेडात जमिनीची प्रत्येक सुरकुती सावली टाकते आणि कुठे भिंतीची ओळ असेल, कुठे खड्डा बुजला असेल, याचा अंदाज बांधता येतो. त्याहून चांगला काळ म्हणजे पहिला पाऊस पडून गेल्यावरचा. वरची धूळ वाहून जाते, खापरं उघडी पडतात आणि ओल्या खापरावर काळ्या रंगाच्या रेघा एकदम गडद होतात. सावळदा खापरांवर बाणाच्या टोकांसारखी, हत्यारांसारखी चित्रं असतात. वाळलं की तीच रेघ फिकी पडते. एवढ्या वेळात जे टिपता येईल ते टिपायचं.

आणि मृत? ते या मातीतच आहेत. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या एका काठावर बहाळ, समोरच्या काठावर टेकवडे. बहाळला वस्ती सापडली आणि 1956-57 मध्ये टेकवड्याला दफनं सापडली, काही मडक्यांतली, एक खड्ड्यातलं. जिवंतांच्या आणि मेलेल्यांच्या मध्ये नदी ठेवलेली. पण त्याच ताम्रपाषाण युगातल्या लोकांनी घोडनदीकाठच्या इनामगावला अगदी उलट केलं. तिथे मूल दगावलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आडवी, घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून त्यांना पुरलेलं आढळतं. मेलेला उठून जाऊ नये, भूत होऊन भटकू नये, अशी त्यामागची भीती असावी, असं उत्खनन करणाऱ्यांनी मांडलं.

मला त्यात भीतीइतकीच माया दिसते. जाऊ नये असं आपल्याला कुणाबद्दल वाटतं? परक्याला कुणी आपल्या चुलीजवळ पुरत नाही. आजही आपल्याकडे तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. इनामगावच्या आईने त्या जमिनीवर शेण-मातीचा हात फिरवला असेल, त्यावरच भाकरी थापली असेल, त्यावरच दुसरं मूल रांगलं असेल. पांढरीवर पाऊल टाकताना हे मनात असतं. आपण अवशेषांवर नाही, कुणाच्या तरी घरात उभे आहोत, म्हणून तिथे चालणंही जपून व्हायला हवं.

कॅमेरा मात्र उभ्या दगडाकडे धावतो. बुराईकाठच्या बळसाण्याला गेलं की हे कळतं. तिथली पडकी देवळं, त्यांचे कोरीव खांब, छतातलं नक्षीकाम इतकं देखणं आहे की पाहणारा हरखून जातो. हेन्री कझिन्सने दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरच्या 1931 च्या ग्रंथात बळसाण्याला जागा दिली, ते योग्यच झालं. ती देवळं आज संरक्षित आहेत, आणि त्यात अशा ग्रंथांतल्या चित्रांचा, मोजमापांचा वाटा आहे असं मी मानतो. ज्याचं चित्र असतं त्याची आठवण राहते. पांढरीची चित्रं कुणी काढली नाहीत.

चित्राची किंमत काय असते, हे खानदेशच्याच मातीत पुरलेल्या एका माणसाने दाखवलं आहे. रॉबर्ट गिलने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात आयुष्याची वर्षं घातली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेली ती रंगचित्रं 1866 च्या आगीत जवळजवळ सगळी जळाली. दरम्यान त्याने कॅमेरा हाती घेतला होता. लेण्यांचे त्याचे फोटो 1864 मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह छापून आले होते, ते राहिले. गिल 1879 मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. अजिंठ्याला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून तिथेही जावं, असं मला मनापासून वाटतं.

पांढरीला आग लागत नाही, ती ट्रॅक्टरने जाते. पूर्वी धाब्याच्या घरांवर घालायला लोक टोपल्यांनी ही माती नेत. आता शेतात खत म्हणून ट्रॉल्या भरतात. कधी गुप्तधनाच्या आशेने रात्री कुणी खड्डा करून जातं. म्हणून मी काही गोष्टी पाळतो. खापर उचलायचं नाही, जागच्या जागी शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून फोटो घ्यायचा, तारीख आणि दिशा लिहायची. कडा ढासळून आतले थर दिसत असतील तर समोरून, सरळ, नक्षीदार कोन न शोधता टिपायचे. मडकं किंवा हाड दिसलं तर हात लावायचा नाही, माती पुन्हा लोटायची, जाणत्यांना कळवायचं आणि ते चित्र फोनवरून गावभर फिरवायचं नाही. धुळ्याला इतिहासकार राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ 1927 पासून आहे. अशा नोंदी तिथल्यासारख्या ठिकाणी जमा व्हायला हव्यात.

एका पांढरीच्या कडेचे फोटो मी दर पावसाळ्यानंतर त्याच जागी उभं राहून काढत आलो आहे. मागच्या खेपेला शेजारच्या शेतातला बाबा विचारायला आला, “आठे काय शे, भाऊ?” मी जुना आणि नवा फोटो त्याला एकाखाली एक दाखवला. जुन्या फोटोत बाभळ कडेपासून आत होती, नव्यात तिची मुळं उघडी लोंबत होती. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “आते काय करानं?” मी म्हटलं, बाबा, रानाला माती हवी तर धरणातला गाळ आणा, तो याहून कसदार असतो. गाळ लांबून आणावा लागतो, डिझेल लागतं, हे त्याचं म्हणणं खरं होतं. गावातल्या चार-पाच जणांनी मिळून ट्रॉली लावली तर परवडेल का, याचा हिशेब आम्ही तिथेच बांधावर बसून मांडला. दोन्ही फोटोंच्या मोठ्या प्रती त्याने ग्रामसभेसाठी मागितल्या आहेत.