घरांतील माणसांशीं बोलणें

पाहुणा उंबरठ्याशीं आला कीं आपली भाषा तत्काळ बदलते. ‘यावें, बसावें’ असें आर्जवानें म्हणणारे गृहस्थ आंत वळून ‘चहाला किती वेळ?’ म्हणून सुनेवर खेकसतात. आमच्या पारोळ्यासारख्या गांवांत भिंतीला भिंत लागून घरें. दोन्ही आवाज शेजारीं ऐकूं जातात. आम्हीं मुलांना पुष्कळ वर्षें संस्कृत शिकविलें. माता, पिता, आचार्य व अतिथि यांस देव मानावें, असें तैत्तिरीय उपनिषदांत सांगितलें आहे. सून, धाकटी जाऊ, घरांत आश्रयास राहिलेली आत्या यांचा त्यांत उल्लेख नाहीं. आणि घरोघरचें दुखणें नेमकें तेथेंच आहे.

या संबंधांत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें घर आठवतें. १८७३ सालीं त्यांचा दुसरा विवाह झाला, तेव्हां रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. त्यांस अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनीं त्यांना स्वतः शिकविण्यास आरंभ केला. घरांतील वडील बायकांना तें रुचलें नाहीं. त्यांनीं टोचून बोलावें व रमाबाईंनीं मुकाट्यानें ऐकावें, असें बरेच दिवस चाललें. उलट उत्तर देऊं नये, शांतपणें सोसावें, हाच पतीचा उपदेश होता. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकांत रमाबाईंनीं हें मनांत अढी न ठेवतां लिहिलें आहे.

ती सहनशीलता थोर खरी. तथापि, लहान तोंडीं मोठा घास घेऊन आम्ही म्हणतों कीं, सोसण्याचा सारा भार घरांतील सर्वांत लहान व्यक्तीवर पडला. ज्यांच्या शब्दास सभेंत एवढा मान, त्यांचा एखादा सौम्य शब्द माजघरांतही पोंचता, तर वडिलांचा मान गेला नसता व त्या मुलीच्या डोळ्यांतलें पाणी मात्र टळलें असतें. वडिलांपुढें गप्प राहणें म्हणजेच आदर, ही समजूत आपण फार दिवस बाळगली आहे.

आमच्या खानदेशांत आखाजीला लेकी माहेरीं येतात. झाडाला झोके बांधले जातात, आमरस होतो, आणि चार दिवस लेकीला कोणी ‘ऊठ’ म्हणत नाहीं. भावजय मात्र चुलीपुढें. तिच्या माहेरींही झोका बांधलेलाच असतो, हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. आमच्या ओळखीच्या एका घरीं एके वर्षीं सासूबाईंनीं सुनेला सणाच्या आदल्या दिवशींच माहेरीं धाडलें, आणि आलेल्या लेकीला म्हणाल्या, “बाई, यंदा पोळ्या तूं लाट.” लेक घटकाभर रुसली, मग पदर खोंचून बसली. पोळ्या जाड झाल्या, दोन फुटल्याही. घरांतील पुरुषांनीं त्या आमरसाशीं, एक अक्षर न बोलतां, खाल्ल्या.