ओतणाऱ्याचं नाव

नगरला ज्यांचे वडील फाउंड्रीत होते, त्या आम्हा पोरांना बापाच्या अंगात धड शर्ट पाहिल्याचं आठवत नाही. छातीपासून बाहीपर्यंत ठिणग्यांची बारीक भोकं. आई रफूच्या भानगडीत पडत नसे. "आज शिवलं तर उद्या पुन्हा तेच," म्हणायची आणि नवा शर्ट लग्नकार्यासाठी ट्रंकेत ठेवून द्यायची. पाळी सुटली की नागापूरच्या एमआयडीसीतून सायकली आणि नगरातच तयार झालेल्या लुना सावेडी, बोल्हेगाव, केडगावच्या वाटेला लागत. कोण मशीन शॉपचा आणि कोण फाउंड्रीचा, हे आम्ही लांबूनच सांगायचो. मशीन शॉपवाल्यांना तेलाचा वास यायचा, आमच्या अण्णांना जळक्या मळीचा.

मळी लागायची कोअरला. कास्टिंगच्या आत जी पोकळी हवी, तिच्या आकाराचा वाळूचा गाभा म्हणजे कोअर. वाळूत मळी कालवायची, पेटीत ठोकून भरायची आणि भट्टीत भाजायची. दगडासारखा कडक झालेला तो गाभा वितळलेल्या लोखंडाचा रस ओतल्यावर आतल्या आत जळतो आणि चार ठोक्यांत भुसभुशीत होऊन बाहेर पडतो. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप झालं आणि पुढे जिल्हाभर धुराडी उभी राहिली, त्यामुळे आमच्याकडे मळीला कधी तोटा नव्हता.

वाळूवर अण्णांचा जीव. मूठभर घेऊन दाबायची, मधोमध मोडायची. कडा स्वच्छ तुटली आणि बोटांचे ठसे उमटून राहिले, तर वाळू जमली. पाणी जास्त झालं तर वाफ कोंडून कास्टिंगला ब्लो होल पडणार, कमी झालं तर साचा ढासळणार. पुढे वाळू तपासायची यंत्रं आली. अण्णा आधी मूठ दाबायचे, मग यंत्राचा आकडा बघायचे, आणि आकडा जुळला की यंत्राला शाबासकी दिल्यासारखं हसायचे.

फाउंड्रीतले खरे मानकरी मात्र पॅटर्नमेकर. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना शंभराला एक या हिशेबाने आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी त्यांची मोजपट्टीच वेगळी असते; तिच्यावरचा इंच बाजारातल्या इंचापेक्षा किंचित लांब. शेजारच्या पॅटर्नमेकर काकांनी एकदा आमच्या स्वयंपाकघरात चार फुटी फळी बसवायला घेतली आणि सवयीने तीच पट्टी आणली. फळी अर्धा इंच मोठी निघाली. "वहिनी, थंड झाली की बसेल," असं ते आईला म्हणाले ते पुढे वर्षानुवर्षं घरात चाललं.

ओतायच्या दिवशी घरातसुद्धा आवाज कमी असे. कपोला, म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी, सकाळी पेटवायचा; कोक, पिग आयर्न, भंगार आणि चुनखडी थराथराने वरून टाकायची. रस उतरला की आधी एक लहानशी पाचर ओतून थंड करायची आणि मोडायची. तुटलेल्या कडेला पांढरा पट्टा किती खोल गेलाय, त्यावरून बीड किती कडक होणार ते कळे. मग रसाने भरलेला लॅडल दोघांनी उचलून साच्यावर न्यायचा. एकदा धार सुरू झाली की थांबायचं नाही. थांबलं तर आधीचा रस आणि नंतरचा रस एकजीव होत नाहीत. लॅडलमध्ये ओल राहिली तर रस उसळून अंगावर येतो, म्हणून तो आधी कोरडा तापवलेला लागे. आमच्यातल्या एकाच्या वडिलांच्या पायावर तसा डाग होता. ते तो दाखवत, पण कुणाच्या चुकीने झाला ते कधी सांगितलं नाही.

कास्टिंग निघालं की हातोडी मारून ऐकायचं. निरोगी असेल तर खणखणीत, आत चीर असेल तर बद्द. माल बाद झाला त्या रात्री अण्णा जेवताना बोलत नसत.

एका वर्षी फाउंड्रीची सहल विजापूरला गेली. गोलघुमट पाहून झाल्यावर सगळे शेर्जा बुरुजावर चढले आणि मलिक-ए-मैदान तोफेसमोर तासभर अडकले. चौदा फुटांहून लांब, वजन ५५ टनांच्या घरातलं, तांबं आणि कथिलाचं ते धूड १५४९ साली आमच्या नगरात ओतलेलं. शहरात तोफखाना नावाचा भाग आहे, पण आम्हाला ते पोलीस ठाण्याचं नाव वाटे. तोंडाशी सिंहाच्या जबड्यात चिरडलेला हत्ती आहे. तो पाहायचं सोडून ही मंडळी भट्ट्या किती लावल्या असतील, एकदम कशा फोडल्या असतील, रायझर कुठे ठेवला असेल, यावर भांडत होती. कुणीतरी हळूच थाप मारून कान लावला. आमच्या बापांनी कुणाच्या कामाला एवढा मान दिलेला आम्ही एरवी पाहिला नव्हता. मग गाइडने फारसी लेख दाखवला: ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. बुऱ्हाण निजामशहाच्या पदरचा हा तुर्की कारागीर, आणि त्याचं नाव तोफेवरच. १८५४ साली ही तोफ लिलावात १५० रुपयांना गेली होती, सौदा रद्द झाला म्हणून वाचली, हेही गाइडनेच सांगितलं. "भंगाराचा भाव लावला लेकाच्यांनी," अण्णा म्हणाले.

आमच्या वडिलांच्या कामावर कंपनीची अक्षरं असत. मोल्डरचा म्हणून साच्यात फक्त टोकन नंबर उठवायचा, तोही बाद मालाचे पैसे कुणाच्या पगारातून कापायचे ते कळावं म्हणून. चांगल्या कास्टिंगवरचा नंबर फेटलिंगमध्ये, म्हणजे साफसफाईत, घासून जाई. खराबावरचा तेवढा ऑफिसात वाचला जाई. धुळीवर उतारा म्हणून गूळ मिळायचा. गुळाने सिलिकोसिस थांबत नाही. खोकला ही आमच्या सगळ्या घरांतली एकसारखी खूण होती, आणि त्या अभिमानाच्या गोष्टी सांगताना ही बाब गाळणं मला खोटेपणाचं वाटतं.

नंतर इंडक्शन फर्नेस आल्या आणि पाचरीचं काम स्पेक्ट्रोमीटर करू लागला. अण्णांना त्याचं वाईट वाटलं नाही. धूर कमी झाला, एवढंच म्हणाले.

खंडेनवमीला कपोल्याला झेंडूचं तोरण आणि रांगेत मांडलेली थापी-करणी, असे फोटो अजून काही घरांत आहेत. त्यांच्या मागे कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. ज्यांच्या घरात असा फोटो असेल त्यांनी तो घेऊन थोरल्यांपाशी बसावं, आणि कोण मोल्डर, कोण कोअरमेकर, कोण कपोल्यावर, हे मागे पेन्सिलीने लिहून घ्यावं. सांगणारे अजून थोडे आहेत.