सूस गावचा मुक्काम

गेल्या श्रावणात आम्हांस चार दिवस सूस गावी राहण्याचा योग आला. प्रवास म्हणावा तर तो अगदीच तोकडा. पुण्याच्या पेठेतून निघून विद्यापीठावरून पाषाणास जावे आणि तेथून पश्चिमेची वाट धरावी. रस्ता मोकळा असला तर पुरता एक तासही लागत नाही. इतक्या जवळच्या गावाचे वर्णन ते काय करावयाचे, असे कोणी म्हणेल. आणि आम्हीही घरून निघताना असेच म्हणत होतो. कारण आम्ही सहलीस निघालो नव्हतो, शिष्टाईस निघालो होतो.

आमचे थोरले चुलतबंधू, ज्यांस सारे घर दादा म्हणते, पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले आणि सुसास एक टुमदार घर बांधून राहिले. वहिनी होत्या तोवर कोणास काही वाटले नाही. त्या गेल्याला आता तीन वर्षे झाली. मुलगा कॅनडात; तो दरवर्षी बोलावतो आणि दादा दरवर्षी 'पुढल्या साली पाहू' म्हणतात. अशात ज्येष्ठाच्या आरंभी ते टेकडीवर पाय घसरून पडले आणि घोट्याचे हाड मोडले. मग मात्र घरात एकच गिल्ला झाला. आमच्या मातोश्री अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. दादांची आई लवकर गेल्यामुळे त्यांस लहानाचे मोठे केले ते मातोश्रींनीच. त्या आम्हांस म्हणाल्या, "त्याला घेऊनच ये. माडीवरची खोली झाडून ठेवते." या आज्ञेनिशी आम्ही प्रस्थान ठेवले.

पाषाण आणि सुतारवाडी मागे पडली की मुंबई–बंगळूर महामार्ग आडवा येतो. तो ओलांडला की दोहों बाजूंस टेकड्या आणि मध्ये सूस. पूर्वी ही मुळशी तालुक्यातील एक शेतकरी वस्ती होती. येथूनच पुढे नांदे, चांदे, लवळे या गावांकडे वाटा जातात. ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत जी २३ गावे घेण्यात आली त्यांत शेजारच्या म्हाळुंग्याप्रमाणे सूसही आहे. आज गावात शिरताना प्रथम दिसतात ते दहा-बारा मजल्यांचे इमले आणि त्यांच्या दाराशी उभे राहणारे पाण्याचे टँकर. कौलारू घरे, गोठे आणि भाताची खाचरे त्यांच्या आड शोधावी लागतात. शहर आले आहे, पण गाव अद्याप उठून गेलेले नाही, अशी ही संधिकालातील अवस्था आहे. दादांचे घर अशाच एका जुन्या आळीच्या टोकास, टेकडीच्या पायथ्याशी आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा दादा काठी टेकीत अंगणात उभे होते. "अरे, चहा मागाहून, आधी साडेआठ होऊ दे," असे म्हणून त्यांनी आम्हांस थांबविले. अंगणाच्या मोकळ्या कोपऱ्यात पर्जन्यमापक बसविलेला आहे. बरोबर साडेआठ वाजता त्यांनी त्यातील पाणी मोजपात्रात ओतले, डोळ्यांच्या पातळीस धरून पाहिले आणि वहीत आकडा मांडला: २३ मिलिमीटर. हवामान खात्याची चोवीस तासांच्या पावसाची मोजणी देशभर याच वेळी होते. १९२८ साली त्या खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून त्या इमारतीस जुने पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. दादांची मोजणी त्या सरकारी हिशेबात धरली जात नाही; परंतु वेळ चुकवावयाची नाही हा त्यांचा नेम.

आकडा लिहून होतो न होतो तोच दूरध्वनी वाजला. पौड येथील एक निवृत्त शिक्षक बोलत होते, त्यांच्याकडे ५२. मागोमाग सदाशिव पेठेतून एका निवृत्त बँक कारकुनांचा निरोप आला; तेथे अवघा ९. दादा म्हणाले, "पाहिलेस? पुण्याला वर्षाकाठी सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर पाऊस. तोच मुळशीच्या धरणाकडे गेलास तर त्याच्या कितीतरी पट. सह्याद्रीवर ढग रिते होतात आणि पूर्वेकडे उरतो तो शेष. आम्ही तिघे त्या उतरणीच्या तीन पायऱ्यांवर बसलो आहोत." हे तिघे गेली आठ वर्षे असे रोज सकाळी बोलतात, आणि मौज ही, की त्यांतील पौडकरांस आणि पेठकरांस दादांनी प्रत्यक्ष एकत्र आणले ते फक्त दोनदा.

वही चाळता चाळता आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. ज्येष्ठ आणि आषाढ यांतील सहा आठवड्यांचे आकडे निराळ्या, गोलसर, बालिश अक्षरात होते. दादा अंथरुणास खिळले होते ते हेच दिवस. चौकशी करता कळले, की शेजारच्या घरातील सातवीतील मुलगी शाळेचा गणवेश घालून रोज साडेआठास येई, पाणी मोजी, दादांस आकडा मोठ्याने सांगे आणि मगच शाळेस पळे. सहा आठवड्यांत एकही दिवस रिकामा नाही. आम्ही ती पाने दोनदा पाहिली आणि वही मिटली. शिष्टाईचा पहिला मुद्दा, म्हणजे 'येथे तुमचे असे कोण आहे', हा आमच्या ओठांवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला तेव्हा दादा आम्हांस टेकडीच्या उतारापर्यंत घेऊन गेले. वर चढण्याची वैद्यांची परवानगी अद्याप नव्हती. गवत गुडघाभर वाढले होते, मधून तेरडा फुलला होता, आणि एका काट्याच्या झुडुपावर कळलावीची लाल-पिवळी फुले ज्वाळेसारखी उभी होती. दादांची दुसरी वही या टेकडीची आणि पाषाणच्या तलावाची. चातक आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर आपल्याकडे येतो. तो प्रथम दिसल्याची तारीख त्यांनी दरसाल टिपली आहे. पाषाणचा तलाव राम नदीवर आहे. तीच नदी पुढे सोमेश्वरवाडीच्या सोमेश्वराजवळून वाहत जाऊन मुळेस मिळते. तेथे हिवाळ्यात परदेशी बदके येतात, आणि बाराही महिने दिसते ते हळदीकुंकू बदक. त्याच्या काळ्या चोचीच्या टोकास पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असतो. हे नाव ज्या कोणी प्रथम ठेवले त्याच्या घरात खचित एखादी सुवासिनी असली पाहिजे. तलावावर जलपर्णी पसरल्यापासून पाहुणे कमी झाले आहेत, हेही त्या वहीत वर्षावर्षाच्या आकड्यांनी लिहिलेले आहे. तक्रारीचा शब्द मात्र कोठे नाही.

"आणि पडलात तो कोठे?" आम्ही विचारले. त्यांनी काठीने वरची एक धार दाखविली. पहाटेची वेळ, दगड ओला, माणूस एकटा. परंतु तेथे रोज मोर पाहावयास थांबणारे गावातील एक दूधवाले आहेत. दादा ठरल्या जागी दिसले नाहीत म्हणून ते शोधीत वर गेले, आणि अर्ध्या तासात चौघांनी मिळून त्यांस खाली आणले. "म्हणजे या छंदापायी तुम्ही पडलात," आम्ही जरा रागाने म्हणालो. "खरे आहे," दादा म्हणाले, "आणि वेळेवर सापडलो तोही त्याच्याचमुळे. तुमच्या माडीवर न्हाणीघरात पाय घसरला असता तर तुम्ही सारे आपापल्या कामावर असता." यावर आम्हांस उत्तर सुचले नाही, कारण आमच्या घरी दुपारी अकरा ते पाच कोण असते, हे आम्हांस ठाऊक होते.

तिसरा छंद आम्ही तिसऱ्या दिवशी पाहिला, आणि त्याने आम्हांस सर्वांत अधिक विचारात पाडले. दादांनी निवृत्तीनंतर मोडी लिपी शिकून घेतली. आधी आडवी रेघ ओढावयाची आणि तिच्याखाली लेखणी शक्य तो न उचलता शब्दांस शब्द जोडीत जावयाचे; ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दाशब्दांत अंतर नाही; अशी ही लिपी गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या शाळांतून शिकविली जात असे. आज घरोघरी तिचे कागद आहेत, वाचणारा मात्र नाही. सुसाच्या जमिनींस भाव चढल्यापासून लोक पेट्यांच्या तळाशी असलेले कागद काढून दादांकडे येतात. ते बिदागी घेत नाहीत, आणि 'हे कोर्टात चालणार नाही, त्यासाठी अधिकृत वाचकाकडे जा' असे आधीच बजावतात.

त्या दिवशी एक वयस्क शेतकरी आणि त्यांचा मुलगा आले. दोन चुलत घराण्यांत एका शेतावरून वाद चालू होता, आणि हातातला कागद म्हणजे आजोबांचे खरेदीखत, अशी त्यांची खात्री होती. दादांनी भिंग घेऊन तो तीन वेळा वाचला. मग म्हणाले, "बाबा, हे खरेदीखत नव्हे. दुष्काळात घेतलेले धान्य परत केले, त्याची ही पावती आहे." मुलाचा चेहरा उतरला. "काका, पुन्हा एकदा पाहा की! कुठेतरी जमिनीचं नाव असंल." दादांनी पुन्हा वाचले आणि पुन्हा तेच सांगितले. काही वेळ कोणीच बोलले नाही. अखेर म्हातारबाबा म्हणाले, "म्हंजे आज्यानं कुणाचं दाणं बुडवलं नाही, असं लिवलंय ना? मग ऱ्हाऊ द्या. जपून ठिवतो." ते गेल्यावर दादा म्हणाले, "वाचणाऱ्याने पदरचा एक कानाही घालू नये. घातला असता तर पोर आज हसत गेला असता, आणि दोन घरे कायमची तुटली असती."

त्या रात्री दिवे गेले होते. ओसरीवर बसून आमचे बोलणे रियासतकार सरदेसाईंवर आले. गोविंद सखाराम सरदेसाई १८६५ साली रत्नागिरीकडील गोविल गावी जन्मले, बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत राहिले आणि १९२५ साली निवृत्त होऊन इंद्रायणीच्या काठी कामशेतास येऊन बसले. ते गाव सुसाहून सुमारे चाळीस किलोमीटरच असेल. परदेशी शिकावयास गेलेला त्यांचा मुलगा श्यामकांत तरुणपणीच वारला. दुसरा कोणी असता तर त्या खेड्यात खचून गेला असता. परंतु त्यांनी पुण्यातील पेशवे दप्तर हाती घेतले आणि १९३० ते १९३४ या अवधीत निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहून पुरा केला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. १९५७ साली त्यांस पद्मभूषण मिळाले आणि १९५९ साली ते कामशेतासच निवर्तले.

"पण मला त्यांच्या ग्रंथांहून मोठी वाटते ती त्यांची मैत्री," दादा म्हणाले. जदुनाथ सरकार बंगालचे, हे कोकणचे. दोघांत मायबोली एक नव्हे, मते सदा जुळत असेही नव्हे. तरी अर्धशतकाहून अधिक काळ पत्रे जात-येत राहिली. जदुनाथ कामशेतास येऊन राहत, आणि दोघे मिळून किल्ले व रणक्षेत्रे पाहत हिंडत. १९५८ साली जदुनाथ गेले, पुढल्याच वर्षी रियासतकार. "कागदापायी जोडलेले माणूस," दादा म्हणाले, "कधी कधी रक्ताच्या माणसाइतकेच टिकते."

आमची शिष्टाई आता उघड उघड फसली होती. तथापि मातोश्रींचा निरोप सांगणे प्राप्त होते. माडीवरची खोली त्यांनी स्वतः झाडून ठेवली आहे, हे आम्ही सांगितले. दादा बराच वेळ अंधाराकडे पाहत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "रात्री लांब असतात, हे मी नाकारीत नाही. वहिनी गेल्यापासून वहीतला आकडा वाचून दाखवावयास घरात कोणी नाही. पण येथून उठलो तर त्या पौडकरांचा फोन कोणास जाईल? आणि ती पोर साडेआठास कोणाच्या अंगणात येईल?" आम्ही म्हणालो, "दादा, तुम्ही म्हणता ते सारे मान्य. पण काकूंनीही तुमची वाट पाहण्यात आयुष्य घालविले आहे. त्यांच्याकडे वेळ थोडा आहे." एवढे बोलून आम्ही आत गेलो.

सकाळी दादांनीच तोड काढली. आमच्या पेठेतील घरात माळ्यावर एक जुने दप्तर आहे, हे त्यांच्या स्मरणात होते. "त्यातला मजकूर मी वाचीन," ते म्हणाले, "पण त्यातली माणसे कोण, कोणाची सासुरवाशीण कोठून आली, हे सांगणारे आता एकच माणूस जगात आहे. दर गुरुवारी येईन. पाऊस मोजून निघालो की दहापर्यंत पोहोचेन. माडीवरची खोली एक रात्र वापरीन. शुक्रवारचा आकडा ती मुलगी घेईल."

घरी परतून आम्ही हे मातोश्रींस सांगितले, तेव्हा त्या काही वेळ रुसल्या. मग म्हणाल्या, "माळ्यावर नाही ते दप्तर. देवघरामागच्या फडताळात आहे. माळ्यावर वाळवी लागली म्हणून मीच हलवले."

पहिल्या गुरुवारी दादा आले ते काठी टेकीत. दोघे खिडकीपाशी बसली. एका कागदात कोणा स्त्रीचे नुसते टोपणनाव होते. दादांनी ते वाचले, आणि मातोश्री एकदम हसू लागल्या. ती त्यांच्या सासूबाईंची आत्या. तिला त्या नावाने हाक मारलेली खपत नसे! दादांनी वहीत तसे टिपून घेतले. स्वयंपाकघरातून सुना आणि नातवंडे एकेक करून येऊन दाराशी उभी राहिली, आणि त्या दिवशी आमच्या घरी जेवणास दोन वाजले.